बुडबुडे मोजणारा डॉक्टर : यान इंगेनहाउझ

पहिल्या पीयूसीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाचा धडा आहे. त्यात एका डच डॉक्टरच्या वाट्याला दोन-तीन वाक्यं आली आहेत. यान इंगेनहाउझ, जन्म १७३०, मृत्यू १७९९, आणि झाडाला हवा शुद्ध करायला सूर्यप्रकाश लागतो हे त्याने दाखवलं. एवढंच. नावाचं स्पेलिंग चुकून मार्क जाऊ नये म्हणून मी ते वहीच्या मागच्या पानावर दहा वेळा लिहून काढलं होतं. पुढे मी सायन्स सोडलं, बी.ए.ला आले आणि हा माणूस विसरून गेले. यंदा वाङ्मय मंडळाने अंकासाठी चरित्रलेख मागवले तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी लेखक, संत, समाजसुधारक निवडले. मी याला निवडलं. त्यामागे एक कारण आहे, जरा लाजेचं आहे, पुढे ओघात येईलच.

ब्रेडा हे त्याचं गाव. नेदरलँड्सच्या दक्षिणेला, सीमेलगत. सीमेवरचं गाव म्हणजे काय हे आपल्या बेळगावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. राज्य एकाचं, घरातलं वेगळंच. १६३७ मध्ये ब्रेडा प्रोटेस्टंट डच प्रजासत्ताकाच्या हातात गेलं आणि गावातलं मोठं चर्चही त्यांच्याकडे गेलं. पण तिथली बरीचशी माणसं कॅथलिकच राहिली. त्यांना सरकारी पदं बंद होती, उघड मिस्सा करायला मनाई होती. त्या काळात हॉलंडभर कॅथलिक लोक बाहेरून साध्या घरांसारख्या दिसणाऱ्या जागांत जमून मिस्सा करत. अशा गावातल्या एका कॅथलिक व्यापाऱ्याच्या घरी ८ डिसेंबर १७३० ला यान जन्मला. हा आपला निष्कलंक गर्भसंभवाचा दिवस, पणजीच्या चर्चच्या फेस्ताचा. आई त्याच्या लहानपणीच वारली.

सोळाव्या वर्षी तो शिकायला लूव्हेनला गेला. ते कॅथलिक विद्यापीठ सीमेपलीकडे, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या राज्यात होतं. या बाईचा पुढे त्याच्या आयुष्याशी किती संबंध येणार होता हे तेव्हा त्याला ठाऊक असायचं कारण नाही. १७५३ मध्ये तो डॉक्टर झाला, मग काही काळ लायडनला शिकला, आणि परत येऊन गावातच दवाखाना थाटला. वडील असेपर्यंत तो ब्रेडात राहिला. १७६४ मध्ये वडील गेले आणि त्याने इंग्लंडची वाट धरली. तिथे जॉन प्रिंगल हा घराचा जुना स्नेही होता. युद्धाच्या काळात ब्रिटिश फौजेचा तळ ब्रेडाजवळ पडला होता, त्या फौजेचा हा डॉक्टर. त्याने या हुशार मुलाला तेव्हाच हेरून ठेवलं होतं.

लंडनमध्ये इंगेनहाउझ देवी टोचायला शिकला. इथे थोडं थांबून सांगते, कारण आपण देवीची लस म्हणतो ती ही नव्हे. माझ्या आज्जीच्या दंडावर रुपयाएवढा वण आहे, तो लशीचा. ती लस नंतर आली. इंगेनहाउझच्या वेळी सौम्य देवी झालेल्या माणसाच्या फोडातला पू सुईच्या टोकावर घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या दंडावर टोचायचा, अशी पद्धत होती. म्हणजे खरीखुरी देवीच अंगात सोडायची, फक्त थोडी. बहुतेकांना हलका ताप नि थोडे फोड येत आणि मग जन्मभराची काळजी मिटे. पण शंभरात एखाददुसरा दगावायचा. आपोआप आलेल्या देवीत शंभरातले वीस-तीस जात असत, त्यामुळे हिशेबाने हा सौदा चांगलाच होता. पण स्वतःच्या पोराला हिशेबाने सुई टोचून घ्यायला काळीज लागतं.

मारिया थेरेसाच्या घरावर देवीने पुन्हापुन्हा घाला घातला होता. १७६३ मध्ये थोरल्या मुलाची, जोसेफची, पहिली बायको गेली. १७६७ मध्ये त्याची दुसरी बायको गेली, सम्राज्ञीला स्वतःला देवी आल्या आणि तिला अंतिम संस्कारही देऊन झाले. ती वाचली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लग्न ठरलेली तिची एक मुलगी गेली. तेव्हा तिने लंडनला माणूस मागितला आणि प्रिंगलच्या शब्दावर इंगेनहाउझला पाठवण्यात आलं. १७६८ मध्ये त्याने व्हिएन्नात दोन राजपुत्रांना आणि जोसेफच्या लहान मुलीला टोचलं. तिघंही सुखरूप राहिली. तो दरबारी वैद्य झाला आणि त्याला तहहयात मोठं वेतन बांधून मिळालं.

राजघराण्याआधी व्हिएन्नातल्या गरीब मुलांवर हे टोचणं करून पाहिलं गेलं होतं. बहुतेक चरित्रांत हे एका ओळीत उरकतात. मला ती ओळ ओलांडून पुढे जायला वेळ लागला. त्या मुलांनाही देवीपासून संरक्षण मिळालं, हे खरं. पण आधी त्यांना आणि मग राजपुत्रांना, हा क्रम कोणी ठरवला आणि का, हे आपल्याला कळतं. त्या मुलांच्या आयांना कोणी विचारलं असेल का?

व्हिएन्नात त्याला पैसा होता, मान होता, १७७५ मध्ये लग्नही झालं. बायको आगाथा ही निकोलाउस जॅकिन या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाची बहीण. मूलबाळ झालं नाही. एवढ्यावर आयुष्य आरामात गेलं असतं. पण त्याला प्रयोगांचं वेड होतं. विजेची यंत्रं, धातू, वायू, काहीही. वेगवेगळ्या धातूंच्या कांड्यांना मेण लावून एक टोक तापवायचं आणि कुठल्या कांडीवरचं मेण लांबवर वितळतं ते पाहायचं, हा त्याचा प्रयोग भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत अजून त्याच्या नावाने येतो. बेंजामिन फ्रँकलिनशी त्याची दोस्ती होती. आणि त्याच्या मनात प्रिंगलचं एक भाषण घर करून बसलं होतं.

ते भाषण जोसेफ प्रीस्टलीविषयी होतं. प्रीस्टली हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक आणि हवेचा अभ्यासक. ऑगस्ट १७७१ मध्ये त्याने बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जाळली, त्या निकामी हवेत पुदिन्याची फांदी ठेवली आणि दहा दिवसांनी पाहिलं तर मेणबत्ती त्याच हवेत पुन्हा छान जळली. झाड खराब हवा दुरुस्त करतं! १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने यासाठी त्याला पदक दिलं आणि अध्यक्ष म्हणून प्रिंगल बोलला. पण पुढे घोटाळा झाला. इतरांनी प्रयोग केला तर कधी जमे, कधी नाही. स्वीडनच्या शीलला उलटंच दिसलं, झाडाने हवा आणखी बिघडवली. खुद्द प्रीस्टलीला १७७८ मध्ये तो प्रयोग पुन्हा धड जमेना. फांदी तीच, भांडं तेच, उत्तर रोज वेगळं.

१७७९ च्या उन्हाळ्यात इंगेनहाउझ इंग्लंडमध्ये होता. वय ४८. लंडनबाहेर एक घर भाड्याने घेऊन तो तिथे राहिला आणि तीन महिन्यांत त्याने पाचशेच्या वर प्रयोग केले. म्हणजे दिवसाला पाच-सहा. पद्धत इतकी साधी की आपल्याला हसू येईल. हिरवी पानं पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात बुडवायची, भांडं उलटं ठेवायचं आणि बघत बसायचं. उन्हात पानांवर बुडबुडे धरतात, मोठे होतात, सुटून वर जमा होतात. भांडं अंधारात नेलं की थांबतात. जमलेली हवा कितपत चांगली हे तपासायला तो ती दुसऱ्या एका वायूत मिसळून एकूण आकारमान किती घटतं ते मोजायचा. जितकी घट जास्त, तितकी हवा चांगली. नुसती ऊब आहे, ऊन नाही, असं करून पाहिलं तर उपयोग नाही. म्हणजे काम सूर्याच्या उजेडाचं होतं, उष्णतेचं नव्हे.

आता माझं सांगते. पीयूसीला हाच प्रयोग आमच्या प्रॅक्टिकलला होता. चंचुपात्रात हायड्रिला, वर पालथं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. पाच मिनिटांत किती बुडबुडे येतात ते मोजून रेकॉर्डमध्ये लिहायचे. आमच्या बॅचची पाळी जुलैच्या शेवटी आली. आठवडाभर बेळगावचा पाऊस, दुपारी तीनला संध्याकाळ झाल्यासारखं, त्यात लाइट गेलेली. मी पाच मिनिटं बघत बसले. एकही बुडबुडा आला नाही. आणखी पाच मिनिटं बसले. नाही. मला वाटलं माझी फांदीच मेलेली आहे, किंवा मीच काहीतरी उलटं जोडलंय. मग मी आधीच्या बॅचमधल्या मैत्रिणीचे आकडे उतरवले, थोडे इकडेतिकडे केले, आणि सही मिळवली. पूर्ण मार्क पडले.

इंगेनहाउझविषयी वाचताना हे आठवलं आणि कान गरम झाले. माझ्या नळीत त्या दिवशी जे घडलं तोच तर त्याचा शोध होता! उजेड नाही, म्हणून बुडबुडा नाही. इतरांनी जे फसलेले प्रयोग म्हणून बाजूला ठेवले असतील ते याने मांडून ठेवले. दिवसाचे, रात्रीचे, सावलीतले, सगळे. प्रीस्टलीची फांदी कधी उजेडात असेल, कधी कोपऱ्यात. उत्तर रोज बदलायचं कारण तेच.

त्या उन्हाळ्यात त्याने आणखी काय काय पाहिलं ते बघा. बुडबुडे फक्त हिरव्या भागांतून येतात, पानांतून नि हिरव्या देठांतून. मुळं, फुलं, फळं हवा नेहमी बिघडवतच असतात. पानाच्या खालच्या अंगाने जास्त हवा सुटते. सूर्य उगवल्याबरोबर काम सुरू होत नाही, उजेड चढावा लागतो. आणि रात्री सगळी झाडं हवा बिघडवतात, पण दिवसा जेवढी सुधारतात त्याच्या मानाने फार थोडी. हे सगळं त्याने बाहेरून पाहिलं. पेशीच्या आत डोकावायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. आज आपल्याला आतलं ठाऊक आहे, आणि गंमत म्हणजे त्याचं एकेक निरीक्षण आतल्या एकेका गोष्टीवर जाऊन बसतं.

पानाच्या पेशीत हिरवे दाणे असतात, त्यांना हरितलवकं म्हणतात. एकेका पेशीत ती कित्येक असतात. मुळांच्या पेशीत ती नसतात, म्हणून मुळांतून बुडबुडे नाहीत. हरितलवकाच्या आत नाण्यांच्या चळतीसारख्या चकत्या रचलेल्या असतात आणि त्या चकत्यांच्या पापुद्र्यात हरितद्रव्य बसलेलं असतं. त्याच्यावर उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन उसळून पुढे दिले जातात. ते गेले की त्यांची जागा भरायला हवी, ती पाण्यातून भरली जाते. पाण्याचा रेणू तिथे फुटतो. त्यातून झाडाला हवे असतात ते इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन. प्राणवायू उरतो आणि बाहेर टाकला जातो. म्हणजे आपण ज्याच्यावर जगतो ते झाडाच्या कारखान्यातलं उरलंसुरलं आहे. हा प्राणवायू पाण्यातूनच येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, हे १९४१ मध्ये जड प्राणवायू वापरलेल्या प्रयोगांनी दाखवलं. पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रं जास्त असतात, तिथून हवा ये-जा करते. इंगेनहाउझला खालून बुडबुडे जास्त दिसले ते याच दारांमुळे.

दुसरं काम चकत्यांभोवतीच्या द्रवात चालतं. उजेडातून मिळवलेली शक्ती दोन रेणूंत साठवून इथे आणलेली असते. रुबिस्को नावाचं विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून पाच कार्बनच्या एका साखरेला जोडतं, आणि फेऱ्या होत होत त्यातून नवी साखर तयार होते. साखर, मग पिष्ट, मग लाकूड. ही सगळी साखळी विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडली.

रात्रीचं काय? पेशीत तंतुकणिका नावाचे वेगळे भाग असतात. ते साखर जाळून शक्ती काढतात, आपल्या पेशींतल्यासारखेच, आणि हे काम दिवसरात्र चालू असतं. दिवसा हरितलवकं त्याहून कितीतरी जास्त प्राणवायू देतात म्हणून ते लक्षात येत नाही. पहाटे उजेड मंद असतो तेव्हा दिलेला आणि घेतलेला प्राणवायू बरोबरीत येतो, पुढे उजेड चढला की देणं वरचढ होतं. म्हणूनच सूर्य उगवल्याबरोबर बुडबुडे नाहीत. आज्जी आम्हाला रात्री झाडाखाली झोपू द्यायची नाही, भुताचं नाव सांगून. इंगेनहाउझला भुताची गरज पडली नाही, पण त्यानेही रात्रीच्या हवेची धास्ती जरा जास्तच घेतली होती. खोलीत एखादी कुंडी असली म्हणून काही बिघडत नाही. शेजारी झोपलेला माणूस तिच्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू खातो.

त्याच वर्षी, १७७९ मध्येच, त्याने पुस्तक छापलं. इंग्रजीत. ती काही त्याची मायबोली नव्हती. पुढच्या वर्षीची फ्रेंच आवृत्ती त्याने स्वतःच केली. दोन भाषांत वावरणाऱ्या माझ्यासारखीला याचं अप्रूप वाटतं, कारण एकाच परिच्छेदाचं भाषांतर करताना माझी दुपार जाते. पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्याने दोन्ही बाजू मांडल्या होत्या, उन्हातला गुण आणि सावलीतला, रात्रीचा दोष. आपल्या शोधाची पडती बाजू कोण मुखपृष्ठावर छापतं?

यानंतरची भांडणं मात्र वाचवत नाहीत. प्रीस्टलीच्या भांड्यांत हिरवं शेवाळ धरलं होतं आणि उजेडात त्यातून चांगली हवा येते हे त्यालाही दिसलं होतं. पण ते शेवाळ म्हणजे वनस्पती की आणखी काही, याबद्दल तो बराच काळ डळमळत राहिला. तरी उजेडाचा मान कोणाचा यावरून दोघांची मनं कडू झाली. जिनिव्हाच्या सेनेबिए या धर्मोपदेशकाशीही वाजलं. पाणी उकळून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवला तर उन्हातही बुडबुडे येत नाहीत, हे सेनेबिएने दाखवलं होतं, आणि ते मोठंच काम होतं. इंगेनहाउझने सुरुवातीला ते मानलं नाही. शेवटी १७९६ च्या निबंधात झाडं हवेतून हाच वायू घेतात हे त्याने मान्य केलं. पण एका बाबतीत तो चुकला तो चुकलाच. १७९८ मध्ये एडवर्ड जेनरने गाईच्या देवीपासूनची लस छापून जाहीर केली तेव्हा म्हाताऱ्या इंगेनहाउझने तिला विरोध केला. ज्या कामावर त्याचं नाव नि अन्न चाललं होतं तेच काम ती लस मोडीत काढणार होती. आज्जीच्या दंडावरचा वण जेनरच्या बाजूचा आहे.

१४ जुलै १७८९ ला, बॅस्टिल पडला त्या दिवशी, तो पॅरिसमध्ये होता. तिथून तो निघाला, आधी नेदरलँड्सला आणि मग इंग्लंडला. व्हिएन्नाला तो परत कधी गेला नाही. आगाथा तिकडेच राहिली. युरोप पेटला होता, तब्येत खालावली होती, येत्या वर्षी जाऊ असं करत दहा वर्षं निघून गेली असावीत. प्रीस्टलीचं दैव याच्या उलट. त्याने क्रांतीची बाजू घेतली म्हणून १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचं घर जाळलं आणि तो अमेरिकेला गेला.

इंगेनहाउझचे शेवटचे दिवस विल्टशरमधल्या कॅल्नजवळ, बोवुड नावाच्या वाड्यात गेले. लॅन्सडाउनचा उमराव त्याचा यजमान होता. याच उमरावाच्या पदरी, याच वाड्यात, १ ऑगस्ट १७७४ ला प्रीस्टलीने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची भस्म तापवली होती आणि आपण ज्याला प्राणवायू म्हणतो तो वायू बाटलीत धरला होता. ज्या माणसाशी उजेडावरून बिनसलं त्याच्याच जागेत हा येऊन राहिला होता. ७ सप्टेंबर १७९९ ला तो तिथेच गेला. त्याला कॅल्नच्या चर्चमध्ये पुरलं, पण थडग्याची नेमकी जागा आज सापडत नाही. इंग्रजीत फोटोसिंथेसिस हा शब्द आला तो १८९३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ९४ वर्षांनी. आपला प्रकाशसंश्लेषण हा शब्द त्याच्याही मागून आला.

७ सप्टेंबर म्हणजे मोंती फेस्ताच्या नोव्हेनाचा शेवटचा दिवस. आमच्याकडे नऊ दिवस मुलं परडीतून फुलं आणून मारियामातेपुढे उधळतात आणि शेवटच्या संध्याकाळी ढीग पडलेला असतो. झेंडू, तेरडा, जास्वंद, मिळेल ते. रात्री चर्चची दारं लावून घेतात. मी यंदा दारापाशी थोडी रेंगाळले. आत, बंद दारामागे, ती सगळी फुलं अंधारात हवा बिघडवत असणार, आणि हे पहिल्यांदा मोजून लिहिणारा माणूस याच तारखेला गेला.